पहिली बैठक गिऱ्हाइकाची

आण्णा,

रक्षाविसर्जनाला कावळा लगेच शिवला. पंचगंगेच्या काठावर पान ठेवून माणसं अजून नीट मागंही सरली नव्हती, तेवढ्यात तो आला आणि तुमच्या आवडीच्या भडंगाला चोच लावून गेला. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "बघा, कशात म्हणून जीव अडकला नव्हता आण्णाचा." सगळ्यांनी माना हलवल्या. बायको म्हणून पुढं बसवलेल्या आक्कांनी पदर डोळ्याला लावला. मी मागं बायकांत उभी होते, आणि मला राग आला. तुमचा जीव अडकला नसेल. माझं भांडण अडकलंय. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात, आणि कावळ्याला आधीच सांगून ठेवल्यासारखं सगळं मिटवूनही टाकलंत.

कुणी विचारलं की मी "हार्ट अटॅक" म्हणते. लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. पण तुम्हाला आणि मला खरं माहीत आहे. तुम्ही दुसऱ्याच्या सोफ्यावर बसायला तयार नव्हता, म्हणून गेलात. दारात टेम्पो उभा होता. टेम्पोत सोफा होता, तुमच्याच हातचा. सोफा गेला, आणि तुम्ही फरशीवर राहिलात.

माझी शाळा आठवीत सुटली. लिहायला बसलं की अजून वाटतं, कुणीतरी मागून येऊन चुका काढणार. पण बोलून हा राग जाईना. आक्कांपुढं बोलता येत नाही, आणि नवरा म्हणतो, "मेलेल्या माणसावर कुणी रागावतं का?" मी रागावते. जिवंतपणी तुम्ही रागावू दिलं कुठं?

मी परभणीकडची. लग्न करून इथं आले तेव्हा कोल्हापुरात माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. शिलाई येते एवढ्या भांडवलावर मी तुमच्या दुकानाच्या पायरीपाशी आले आणि तिथंच उभी राहिले, कारण आत सगळीकडे सोफे आणि पाय कुठं ठेवावा ते कळेना. तुम्ही तोंडातले खिळे हातात काढून विचारलंत, "काय पावणं, माप द्यायला आलाय की भांडाय?"

"काम आहे का?" मी म्हणाले.

"काम लई हाय. सरळ शिवतीस का?"

"सरळ शिवते."

"मग ये आत. वाकडं आमचं आमी करतोय."

खिडकीपाशी मशीन सरकवलंत. माझ्या पिशवीला भिंतीत एक खिळा मारलात, डब्यासाठी फळीवरची चिकटपट्टीची रिळं बाजूला केलीत. आणि हे सगळं झाल्यावर, जाता जाता म्हणालात, "आन हे बघ, गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसायचं न्हाय. कुनीच न्हाय. मी पन न्हाय." मला तेव्हा अपमान वाटला होता. मला वाटलं, गावाकडची बाई, धुळीची, म्हणून सांगतात. महिना-दोन महिन्यांनी कळलं की तुम्ही खरंच बसत नाही. दुपारी सगळं दुकान मऊ मऊ सोफ्यांनी भरलेलं असायचं, आणि तुम्ही काथ्याच्या पोत्याला टेकून फरशीवर बसून भाकरी खायचात.

हा नियम एकट्या माझ्यासाठी नव्हता, हे मला नीट कळलं ते काकवी आल्यावर.

पुराच्या साली शिरोळकडनं भिजलेले सोफे टेम्पो भरभरून येत होते. फोम पाण्यानं जड झालेला, लाकूड फुगलेलं, आणि सगळ्या दुकानात नदीच्या गाळाचा वास. त्यातला एक उलटा केला तर आतून कुंई कुंई. मी कात्री टाकून मागं सरले. तुम्ही खालचं कापड हळू फाडलंत, आणि स्प्रिंगांच्या मधून एक पिल्लू बाहेर आलं. रंग गुऱ्हाळातल्या काकवीचा, म्हणून नावही तेच. मालकाला तुम्ही फोन लावलात. "सोफ्यात तुमचं कुत्रं हाय." पलीकडचा म्हणाला, "आमचं न्हाय ओ. हितं आमालाच जागा न्हाय अजून. सोफ्याबरोबर आलंय न्हवं, सोफ्याचंच समजा." फोन ठेवून तुम्ही तिच्या अंगावरचा गाळ पुसायला घेतलात.

पण ती सोफ्याचीच होती, हीच तर अडचण झाली. जरा पायावर उभी राहिली की ती दुकानातल्या प्रत्येक सोफ्यावर चढायची. जुन्या, नव्या, अर्ध्या खिळे मारलेल्या. ताराबाई पार्कातल्या एका बाईंचा पांढरट सोफा तयार होता, त्यावर उजव्या हातापासून डाव्या हातापर्यंत गाळाचे पंजे उमटले. बाई नेमक्या तेव्हाच आल्या. "मिस्त्री, आमच्या सोफ्यावर कुत्रं बसतं का हो?" तुम्ही म्हणालात, "बसलं न्हाय बाई, चालत गेलं." कापड पुन्हा लावून दिलंत, आणि आक्कांनी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला.

मी लाकडी पट्टी उचलली होती तिच्यावर. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत.

"मारू नगंस. मारलं तर ती चढायची थांबत न्हाय, तुज्या माघारी चढाय शिकती."

"मग काय पूजा करू?"

"तिच्या लेखी ते तिचं घर हाय. आपन तिला घरातनं बाहीर काढाय लागलोय. जनावराला आदी जागा द्यावी, मग मनाई करावी. जागा न देता मनाई केली तर त्यो नुसता मार हुतो."

आणि तुम्ही फोमचे उरलेले तुकडे जोडून तिला गादी केलीत. वरून जाड रेक्झिन, कडेला दुहेरी शिलाई. शिलाई माझ्याकडनं उसवून पुन्हा करून घेतलीत. कुत्र्याच्या गादीची शिलाई. गादी तुमच्या खिळ्यांच्या डब्याजवळ टाकलीत. ती गादीवर बसली की तुम्ही खिशातनं चिरमुरे काढायचात, आणि तिथंच, बसल्या जागी द्यायचात. सोफ्यावर चढली की नुसतं "खाली" म्हणायचात, आवाज न चढवता, आणि तोंड फिरवायचात. ती उतरून गादीवर गेली की पुन्हा चिरमुरे. दिवसभर हेच. मी वैतागून म्हणाले, "आण्णा, आपण सोफे कधी करायचे?" तुम्ही म्हणालात, "हे पन त्यातलंच काम."

तरी ती शिकेना. मग एका दुपारी तुम्ही काम थांबवून नुसते ऐकत बसलात. मी तिला "उतर" म्हणत होते, आक्का मागच्या घरातून "हाड" म्हणत होत्या, तुमचं "खाली". आणि आक्का तर दुपारी हळूच तिला आतल्या कॉटवर घेऊन झोपायच्या, तेही उघडं पडलं.

"तिघांच्या तीन भाषा," तुम्ही म्हणालात. "असं शिकवल्यावर पोरानं शाळा सोडली तर पोराचं काय चुकलं?"

मला ते लागलं. मी म्हणाले, "माझी शाळा का सुटली ते तुम्हाला काय माहीत?"

तुम्ही चिकटवायच्या ब्रशाचे केस निवडत बसलात. मग म्हणालात, "तुज्यावर न्हाई बोललो मी. पन बोललो आसतो तरी तेच बोललो आसतो. तुजं काय चुकलं?"

आण्णा, मला हे असं आतापर्यंत कुणी म्हणालं नव्हतं. आमच्या घरात तर नाहीच. मी मशीन चालू केलं, म्हणजे तुम्हाला माझं तोंड दिसू नये. तुमच्यावर रागवायला बसले तरी हे आठवतं आणि रागाची धार जाते, म्हणून पुढचं लगेच लिहिते.

ती शिकली. आणि शिकली ती अशी की आपण शिकवलं त्याच्या पुढं गेली. दुसरं कुणी सोफ्यावर बसलं की ती समोर उभी राहून भुंकायची, मागच्या दाराकडं बघून, तुम्हाला आतून बोलवायला. कागलचे एक पाहुणे स्वतःचा सोफा न्यायला आले आणि टेकले, तर हिनं त्यांना उठवलं. "माजाच हाय की गं बाई," ते तिला समजावत होते. तुम्ही आतून आलात, तिला चिरमुरे दिलेत, त्यांना नाही. वर म्हणालात, "टेम्पोत चडंपतूर दुकानाचा. पैली बैठक गिऱ्हाइकाची, पन गिऱ्हाइकाच्या घरात." पाहुणे हसले. मीही हसले. तेव्हा हसायची गोष्ट होती ती.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. माझी पाठ धरायची. तुमचे गुडघे उठताना वाजायचे, आम्ही ऐकायचो. मी म्हणाले, उरलेल्या कापडाचा, उरलेल्या फोमचा एक सोफा करू, दुकानाचा. आपल्याला. तुम्ही म्हणालात, "करू की, दसरा हुंदे." दसरा झाला. "दिवाळीचं काम उरकूंदे." दिवाळी झाली. मग लग्नसराई. मी म्हणाले, "कुत्रीला गादी केली दोन दिवसांत. आपल्यालाच तेवढी जागा नाही का?"

"तिची जागा गेली हुती, म्हनून केली."

"आणि आपली?"

"आपली कुटं गेलीया? ही काय." तुम्ही फरशीवर हात आपटलात.

आक्का दारातून बोलल्या, "माज्या लग्नापास्नं सोफा सोफा ऐकतोय मी. कदी टेकलो न्हाय. सोन्याच्या दुकानात राबून गळ्यात काळी पोत, तसं हाय आमचं." त्या 'ऐकतोय', 'टेकलो' असंच बोलतात, आणि सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं. तुम्ही नुसतं म्हणालात, "मऊ बसायची सवय लागली की हात मऊ पडत्यात." मी म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "माज्या मिस्त्रीनं." मी म्हणाले, "तो बसत होता का?" तुम्ही खिळे तोंडात धरलेत. हे भांडण तिथं थांबलंय. अजून तिथंच आहे.

तो दिवस मला लिहायचा नाही, पण लिहिल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही की तुम्ही काय केलंत.

वारणानगरच्या एका घरचं लग्न. मुलीला द्यायचा सोफा, मरून कापड, हातांवर सोनेरी पट्टी. सकाळपासून तुम्हाला घाम येत होता. "पित्त झालंय" म्हणालात, सोडा आणायला लावलात, ढेकर आली की बरं वाटंल म्हणालात. टेम्पो आला, सोफा चढवून झाला, तेव्हा तुम्ही छातीवर हात दाबून काथ्याच्या पोत्यावर आडवे झाला होता. काकवी तिच्या गादीवरून उठून तुमच्या पायाशी येऊन बसली होती. केबिनमध्ये ड्रायव्हर सुभाष, आणि मुलीचे मामा आणि त्यांच्याबरोबरचे एक म्हातारे. मागं हौद्यात सोफा. मी म्हणाले, "सुभाषदादा, आधी दवाखाना."

सुभाष म्हणाला, "चला आण्णा, हौद्यात सोफ्यावर आडवं व्हा. जाताजाता दवाखान्यात सोडतो."

मुलीचे मामा खाली उतरले. "मी बसतो की माघं. मिस्त्री, तुमी म्होरं बसा."

"पावन्यास्नी हौद्यात बशीवतोय व्हय मी?"

"मग सोफ्यावर पडा ओ. आमचाच हाय न्हवं. आमी सांगतोय न्हवं."

तुम्ही उठून बसलात. खरंच बसलात, आणि हसलातही. म्हणूनच सगळे फसले. "नव्या कापडाला घामाचा डाग पडंल. नवरा-नवरीची पैली बैठक हाय ती. तुमी निघा, म्हुर्त चुकंल. मला आता बरं वाटाय लागलंय. रिक्षा हाय की कोपऱ्यावर."

मी ओरडले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. म्हणाले, डाग पडू दे, मी पुन्हा कापड लावते, रात्रभर बसून लावते, पण चढा. तुम्ही म्हणालात, "वरडू नगंस, काकवी घाबरती."

हे तुमचं शेवटचं धड बोलणं. कुत्री घाबरती. मी घाबरले होते, त्याचं काय?

टेम्पो गेला. कोपऱ्यावर रिक्षा नव्हती. मी धावत मोठ्या रस्त्यापर्यंत गेले आणि रिक्षा घेऊन आले, तोवर आक्कांनी तुमचं डोकं मांडीवर घेतलं होतं, फरशीवर. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. हे वाक्य मी रोज ऐकते, भांडी घासताना, बस धरताना. जरा आधी. जरा आधी दारात गाडी होती, डॉक्टर. तीत बसायलाही जागा होती, आणि ती मऊ होती.

त्या लग्नघरचे मामा भेटायला आले होते. मोठा माणूस, लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "आमी त्या सोफ्यावर कसं बसायचं आता?" मला वाटलं, म्हणावं, बसू नका. जाळा तो. त्यांची काही चूक नव्हती, हे माहीत असूनही वाटलं. आक्का म्हणाल्या, "बसा. बसायसाटीच केलाय त्यांनी." तुमच्या बायकोला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आण्णा. तुम्ही तिला कधी बसायला दिलं नाहीत.

आणि तरी मला हे सगळं येतं ते तुमच्यामुळं. कापड कुठं ताणायचं, कुठं सोडायचं. घाबरत घाबरत पहिल्यांदा महाग कापडाला कात्री लावली आणि चुकीची लावली, तेव्हा तुम्ही तो तुकडा उशीत बसवलात आणि गिऱ्हाइकाला म्हणालात, "उशा आमच्याकडनं." मला एका शब्दानं बोलला नाहीत. माहेर लांब असलेल्या बाईला दुपारी कुणीतरी "जेवलीस का" विचारणं काय असतं, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "भाकरी वाळाय लागली, खा." तुम्ही मला जागा दिलीत, मग मनाई केलीत, म्हणून ती मनाई मला पुढं कधी मार वाटली नाही. पण तुम्हाला कुणी जागा दिली होती, आण्णा? तुमच्या त्या मिस्त्रीनं तुम्हाला नुसती मनाई शिकवली आणि तुम्ही ती मरेपर्यंत पाळलीत. मी काकवीवर उचललेली पट्टी तुम्ही काढून घेतलीत. तुमच्यावरची कुणी काढून घेतली नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, आणि तो तुमच्यावर आहे की त्या न पाहिलेल्या मिस्त्रीवर, ते मला अजून कळलेलं नाही.

बारावं झालं आणि दुकान उघडलं. आक्का म्हणाल्या, चालू ठेव, मी हाय. पहिलं काम मी कुणाचं घेतलं नाही. कोपऱ्यातलं उरलेलं लाकूड काढलं, पट्टे ताणले, तुकड्यांचा फोम जोडला. मरून कापड थोडं शिल्लक होतं, ते बैठकीला लावलं. पाठीला ते पुरलं नाही, म्हणून पाठ निळी आहे. तुम्हाला बघवलं नसतं. डावा हात उजव्यापेक्षा जरा खाली झालाय, तेही तुम्ही लगेच बोटानं दाखवलं असतं. पण दोन माणसं नीट बसतील असा आहे. गिऱ्हाईक कुणी नाही त्याचं.

आक्कांना म्हणाले, "बसा."

"तू बस आदी," त्या म्हणाल्या. "तू केलाईस."

मी बसले. आणि काकवी गादीवरून उठली, समोर येऊन उभी राहिली आणि भुंकायला लागली. माझ्याकडं बघून भुंकायची आणि मागच्या दाराकडं बघायची. पुन्हा माझ्याकडं, पुन्हा दाराकडं. सांगत होती तुम्हाला. मी पण दाराकडं बघितलं. आक्कांनी पण बघितलं. आम्ही तिघी बघत राहिलो.

ती दमली तेव्हा आक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते त्यांचे. नुसता कापडावरून हात फिरवत राहिल्या. काकवी तुमच्या खिळ्यांच्या डब्याजवळ जाऊन पडली, तोंड दाराकडं करून.

मी उठणार नाही, आण्णा. जागा मी केलीय. मनाई करायची असेल, तर या.